बल्ब उचलण्याआधी

पनवेल,
आषाढ शुद्ध पंचमी

चि. राणी हिस,


डीएमएलटीचा निकाल लागला आणि लगेच खांदा कॉलनीच्या कलेक्शन सेंटरवर तू कामालाही लागलीस, हे तुझ्या बाबांकडून कळलं. फार आनंद झाला. परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, रक्त एकाच शिरेतून येतं, मग जांभळा, निळा, पिवळा, हिरवा, राखाडी इतके बल्ब कशाला? एखादा संपला असेल तर दुसऱ्यात घेऊन नाही का चालणार?" तेव्हा मी "नाही चालणार" एवढंच म्हणाले, कारण तुझ्यासमोर पेशंटची रांग होती. पण तुझा प्रश्न तेवढ्यावर सोडण्यासारखा नाही, म्हणून आज सवडीने लिहिते आहे.

लॅबमधलं मशीन कितीही महाग असलं तरी ते फक्त त्याच्यापुढे ठेवलेलं रक्त मोजतं. ते रक्त पेशंटच्या अंगात होतं तसंच राहिलं आहे की वाटेत बदललं, हे मशीनला बहुतेक वेळा कळत नाही. तो सांभाळ बल्ब, म्हणजे रंगीत झाकणाची रक्ताची नळी, करतो, आणि कोणता बल्ब घ्यायचा हे तू ठरवतेस. म्हणून तपासणी मशीनपाशी सुरू होत नाही, तुझ्या ट्रेपाशी सुरू होते. प्रत्येक बल्ब उचलण्याआधी मनात तीन गोष्टी आण: तपासणी कोणती आहे, घाई किती आहे आणि या रक्ताला किती लांब जायचं आहे. बाकी सगळं शास्त्र या तिन्हींत येतं.

शिरेतून बाहेर आल्याक्षणी रक्त बदलायला लागतं. त्याला गोठू दिलं तर गुठळी खाली बसते आणि वर सीरम मिळतं. गोठू दिलं नाही तर पेशी अखंड राहतात आणि फिरवल्यावर वर प्लाझ्मा मिळतो. सीरम आणि प्लाझ्मा दिसायला सारखेच पिवळसर, पण प्लाझ्म्यात फायब्रिनोजेन आणि गोठण्याचे इतर घटक शाबूत असतात, सीरममध्ये फायब्रिनोजेन आणि त्यांतले काही घटक खर्च झालेले असतात. शिवाय रक्त गोठताना प्लेटलेटमधून थोडं पोटॅशियम बाहेर पडतं, म्हणून सीरममधलं पोटॅशियम प्लाझ्म्यापेक्षा किंचित जास्त येतं. ज्याच्या प्लेटलेट फार वाढलेल्या असतात त्याच्या बाबतीत हा फरक एवढा मोठा होतो की, माणूस ठणठणीत असताना रिपोर्ट घाबरवून सोडतो.

रक्त गोठू न देण्याचे मार्गही वेगवेगळे आहेत. जांभळ्या बल्बमधलं ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम घट्ट पकडून ठेवतं. कॅल्शियमशिवाय गोठण्याची साखळी पुढे सरकत नाही. पेशींचा आकार त्यात चांगला टिकतो, म्हणून सीबीसी, एचबीए१सी आणि रक्तगट यांना हा बल्ब. निळ्या बल्बमधलं सोडियम सायट्रेटही कॅल्शियमच पकडतं, पण सैल हाताने. लॅबमध्ये वरून कॅल्शियम घातलं की गोठणं पुन्हा सुरू करता येतं. रक्त गोठायला किती सेकंद लागतात हे मोजायचं असेल तर असाच बल्ब लागणार. हिरव्यातलं हेपॅरिन कॅल्शियमला हात लावत नाही. रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाची ताकद अनेक पटींनी वाढवून ते गोठणं थांबवतं. १९१६ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या कामातून त्याचा शोध लागला. शिकणाऱ्या मुलांच्या हातूनही असं काम होतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता तुझ्या "दुसऱ्यात घेऊन नाही का चालणार" याचं उत्तर तुझं तुलाच सापडेल. जांभळ्या बल्बमध्ये ईडीटीए बहुधा पोटॅशियमच्या क्षाररूपात असतं. त्या रक्तात पोटॅशियम मोजलं तर बल्बमधलं पोटॅशियम मोजलं जाईल. कॅल्शियम आधीच पकडलेलं, म्हणून ते जवळपास नाहीसं दिसेल. अल्कलाइन फॉस्फेटेजला काम करायला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं, तेही ईडीटीए धरून ठेवतं, म्हणून तेही खाली येईल. मानसिक आजारासाठी लिथियमची गोळी घेणाऱ्या माणसाची लिथियमची पातळी लिथियम हेपॅरिनच्या बल्बमध्ये घेतली तर आकडा भलताच येईल आणि डॉक्टर त्याचं औषध कमी करतील. मल्टिपल मायलोमासाठी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस सांगितलं असेल आणि तू प्लाझ्मा पाठवलास, तर फायब्रिनोजेनची रेघ कर्करोगाच्या रेघेसारखी दिसू शकते. या चुका मशीनच्या नसतात. मशीनने दिलेलं उत्तर बरोबरच असतं, त्याला दिलेलं रक्त चुकीचं असतं.

निळ्या बल्बबद्दल जरा जास्त लिहिते, कारण सगळ्यांत जास्त हेळसांड त्याचीच होते. त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असं प्रमाण ठरलेलं असतं. बल्ब खुणेपर्यंत भरला नाही तर सायट्रेट जास्त होतं, ते लॅबने घातलेलं कॅल्शियमही गिळतं आणि रक्त गोठायला उशीर होतो असं दिसतं. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापातून हृदयाच्या झडपा खराब झालेली किती तरी माणसं आहेत. कृत्रिम झडप बसवली की त्यांना आयुष्यभर रक्त पातळ ठेवण्याची गोळी घ्यावी लागते आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारा आकडा, तपासत राहावं लागतं. अर्धवट भरलेल्या बल्बमुळे आयएनआर खोटा जास्त आला, तर डॉक्टर गोळी कमी करतील आणि झडपेवर गुठळी धरण्याचा धोका वाढेल. म्हणून निळा बल्ब पूर्ण भरेपर्यंत सुई काढायची नाही. बटरफ्लाय सुई वापरत असशील तर तिच्या नळीतली हवा पहिल्या बल्बमध्ये शिरते आणि तेवढं रक्त कमी येतं. पहिला बल्ब निळाच असेल तर आधी एखाद्या टाकाऊ बल्बमध्ये थोडं रक्त घे आणि मगच तो लाव.

आता वेळेबद्दल. तुझ्यावर टॅटचा, म्हणजे रिपोर्ट ठरल्या वेळेत देण्याचा, दबाव असतो हे मला माहीत आहे. रिपोर्ट लवकर हवा असेल तर मिनिटं नेमकी कुठे जातात ते समजून घे. मशीनवर बहुतेक तपासण्या मिनिटांत होतात. वेळ जातो तो त्याआधी. लाल किंवा पिवळ्या बल्बमधलं रक्त पूर्ण गोठायला साधारण अर्धा तास लागतो, आणि गोठवणारा पदार्थ नसलेल्या साध्या बल्बमध्ये त्याहून जास्त. त्यानंतर सेंट्रिफ्यूजची दहाएक मिनिटं. हिरव्या बल्बला गोठण्याची वाट पाहावी लागत नाही, आणला की फिरवता येतो. छातीत दुखतंय म्हणून कुणी तातडीच्या विभागात आलं आणि हार्ट अटॅक ओळखणारं ट्रोपोनिन करायचं असेल, किंवा किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम तातडीने हवं असेल, तर अर्धा तास फार मोठा असतो. म्हणून पुष्कळ रुग्णालयं तातडीच्या तपासण्यांना हेपॅरिनचा बल्ब वापरतात. पाचेक मिनिटांत रक्त गोठवणारे, थ्रॉम्बिन घातलेले बल्बही आता मिळतात. पण ज्याला हेपॅरिन भरपूर दिलेलं आहे, त्याच्या रक्तापुढे त्यांचंही चालत नाही.

घाई आहे म्हणून पिवळा बल्ब दहा मिनिटांतच फिरवायचा, असा मार्ग कुणी सुचवला तर ऐकू नकोस. गोठणं अर्धवट राहिलं तर सीरममध्ये फायब्रिनचे बारीक धागे तरंगत राहतात. ते मशीनच्या सुईत अडकतात, नमुना कमी ओढला जातो, कधी मशीन थांबतं आणि कधी न थांबता चुकीचा आकडा देऊन मोकळं होतं. असे धागे ट्रोपोनिन खोटं वाढवूही शकतात, म्हणजे नसलेला हार्ट अटॅक कागदावर दिसतो. डायलिसिसच्या पेशंटच्या रक्तात हेपॅरिन उरलेलं असू शकतं, मग त्याचं रक्त अर्ध्या तासानंतरही नीट गोठलेलं नसतं. फॉर्मवर "डायलिसिस" किंवा "रक्त पातळ करण्याची गोळी" एवढं लिहिलंस, तर लॅबवाले वाट पाहायची की बल्ब बदलायचा ते आधीच ठरवू शकतात.

पण बल्ब तू स्वतःच्या मनाने बदलायचा नाहीस. प्रत्येक लॅब आपल्या मशीनवर आपले बल्ब पारखून घेते आणि त्यावरच नॉर्मल आकड्यांची रेंज ठरवते. ट्रोपोनिन तीन-तीन तासांनी पुन्हा करायचं असेल तर दर वेळी एकाच प्रकारचा बल्ब हवा, नाहीतर आकडा वाढला की बल्ब बदलला, हे कुणालाच सांगता येणार नाही. बल्ब म्हणजे नुसतं भांडं, असं कधी समजू नकोस. एका नामांकित बनावटीच्या बल्बच्या आतल्या भिंतीला लावलेल्या पदार्थामुळे थायरॉइडचं टी३ ठराविक मशीनवर खोटं जास्त येत होतं, हे २००५ साली 'क्लिनिकल केमिस्ट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. पिवळ्या बल्बमधली जेल फेनिटॉइनसारखं फिट्सचं औषध हळूहळू शोषून घेते, म्हणून औषधाची पातळी तपासायची असेल तर जेलचा बल्ब लॅबला विचारल्याशिवाय वापरायचा नाही.

आता रायगडातलीच एक गोष्ट सांगते. बल्बच सगळं मशीन होऊन बसतो अशी एक तपासणी आहे, आणि ती आपल्या भागात आजही जीव वाचवते.

आषाढ लागला की नेरे, वावंजे, आपटा या बाजूला भाताची लावणी सुरू होते. बांधावर, पेंढ्यात, घराच्या पडवीत साप चावण्याचे दिवसही हेच. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्तातलं फायब्रिनोजेन संपवतं आणि रक्त गोठायचं बंद होतं. हातपाय सुजलेला माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात आला तर विष अंगात भिनलंय की नाही, हे तिथे कसं ओळखायचं? पीटी-आयएनआरचं मशीन बहुधा शहरात. अशा वेळी शिरेतलं दोन मिलिलिटर रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग एकदाच नळी कलती करायची. रक्त वाहिलं तर ते गोठलेलं नाही, म्हणजे प्रतिविष द्यायची वेळ झाली. प्रतिविष दिल्यावर दर सहा तासांनी हीच तपासणी पुन्हा करतात.

या तपासणीत नळी काचेचीच हवी. प्लास्टिकची चालत नाही, आणि साबणाने धुतलेली काचेचीही चालत नाही. कारण काचेचा पृष्ठभागच रक्ताला गोठायला लावतो. हे कसं कळलं ते वाचण्यासारखं आहे. अमेरिकेत जॉन हेगमन नावाचा रेल्वे कामगार होता. ऑपरेशनआधीच्या तपासणीत त्याचं रक्त काचेच्या नळीत फार उशिरा गोठतं असं आढळलं, पण त्या माणसाला रक्तस्रावाचा त्रास कधीच झालेला नव्हता. डॉ. ऑस्कर रॅटनॉफ यांनी १९५५ मध्ये त्याच्या रक्तात गोठण्याचा एक घटक कमी असल्याचं दाखवलं. त्यालाच आज बारावा घटक किंवा हेगमन घटक म्हणतात. काचेला स्पर्श झाला की हा घटक जागा होतो आणि पुढची साखळी सुरू होते. प्लास्टिक त्याला जागं करत नाही. म्हणूनच काचेचे बल्ब जाऊन प्लास्टिकचे आले, तेव्हा लाल आणि पिवळ्या बल्बच्या भिंतींवर सिलिकाचे बारीक कण फवारावे लागले. काचेचं काम आता ते कण करतात. तू तो बल्ब हलक्या हाताने उलट-सुलट करतेस ते त्या कणांना रक्तात मिसळण्यासाठी. नुसता ट्रेमध्ये उभा ठेवलास तर वरचं रक्त उशिरा गोठतं आणि वाचवलेले चार सेकंद पुढे किती तरी मिनिटं खातात.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव तू अभ्यासात ऐकलं असशील. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी रायगडच्या ग्रामीण भागात काम करून दाखवून दिला आणि सर्पदंशावरही लिहिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठी यंत्रं नसलेल्या जागी बारकाईने बघणारी माणसं काय करू शकतात, याचं ते आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण. वीस मिनिटांच्या त्या काचेच्या नळीलाही तसंच बारकाईने बघणारं माणूस लागतं. घाईत सिलिका नसलेला प्लास्टिकचा बल्ब उचलला, तर निरोगी माणसाचं रक्तही न गोठलेलं दिसेल आणि गरज नसताना प्रतिविष दिलं जाईल. त्याचीही ॲलर्जी जीवघेणी असू शकते.

बल्ब कोणत्या क्रमाने भरायचे तेही आता नुसतं पाठ नको, समजून कर. आधी ब्लड कल्चर, मग निळा, मग लाल किंवा पिवळा, मग हिरवा, मग जांभळा आणि शेवटी राखाडी. सुईच्या टोकाला आधीच्या बल्बमधलं औषध लागलेलं असू शकतं, ते पुढच्यात जातं. जांभळ्यातला एक थेंब पिवळ्यात गेला तर पोटॅशियम वर, कॅल्शियम खाली आणि अल्कलाइन फॉस्फेटेजही खाली, असे तिन्ही आकडे एकदम दिसतात. अनुभवी माणसाला ते तिन्ही एकत्र दिसले की पेशंटपेक्षा बल्बचाच संशय येतो. एका बल्बमधलं रक्त कमी पडलं म्हणून दुसऱ्या बल्बचं झाकण काढून त्यात ओतणं, हा तर गुन्हाच समज. रंग बघून बल्ब उचलण्यावरही थांबू नकोस. कंपनीगणिक रंगछटा बदलतात. लेबलवर काय लिहिलंय ते वाच आणि मुदतही बघ, कारण मुदत संपलेल्या बल्बमधली निर्वात जागा कमी झालेली असते आणि तो पूर्ण भरत नाही.

मिसळण्याबद्दल म्हणशील तर जांभळा, हिरवा आणि राखाडी आठ-दहा वेळा, पिवळा पाच वेळा, निळा तीन-चार वेळा उलटायचा, तोही लगेच आणि हलक्या हाताने. जांभळा बल्ब मिसळायला उशीर झाला तर आत बारीक गुठळ्या धरतात. विरजण लागलेलं दूध ढवळून परत दूध होत नाही, तसंच हे. नंतर कितीही हलवलं तरी त्या गुठळ्या विरत नाहीत. त्यांत प्लेटलेट अडकतात आणि आकडा खाली येतो. पावसाळ्यात डेंगीचे पेशंट येतात, तेव्हा घरची माणसं त्या एका आकड्याकडेच डोळे लावून बसलेली असतात. काही लोकांच्या रक्तात तर ईडीटीएमुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. माणूस व्यवस्थित, अंगावर डाग नाही, हिरड्यांतून रक्त नाही, आणि रिपोर्ट सांगतो प्लेटलेट वीस हजार. अशा वेळी लॅबने स्लाइड पाहायची असते. गठ्ठे दिसले तर निळ्या बल्बमध्ये पुन्हा रक्त मागवून मोजायचं आणि सायट्रेटने रक्त पातळ झालेलं असतं म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं. असा फोन तुझ्याकडे आला तर "कशाला पुन्हा टोचायचं" असं म्हणू नकोस. त्या एका टोचण्याने पेशंटची अनावश्यक भरती टळते.

तिसरा प्रश्न अंतराचा, आणि तो आपल्या पनवेलला फार लागू पडतो. इथे रक्त काढायचं आणि तपासायचं दुसरीकडे, अशीच आता बहुतेक व्यवस्था आहे. सायन-पनवेल महामार्गाने नमुन्यांचे डबे नवी मुंबईकडे जातात. तुर्भ्याला थायरोकेअरची मोठी प्रयोगशाळा आहे, तिथे तर देशभरातले नमुने येतात. सरकारी आरोग्य केंद्रांतलेही नमुने महालॅबच्या योजनेत गोळा होऊन पुढे जातात. या व्यवस्थेमुळे खेड्यातल्या माणसालाही मोठ्या लॅबची तपासणी मिळते, हे चांगलंच आहे. पण शीर आणि मशीन यांच्यामध्ये जेवढे तास, तेवढं बल्बचं महत्त्व जास्त.

साखरेचंच बघ. बल्बमधल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात, खोलीच्या तापमानाला साधारण तासाला पाच ते सात टक्के. उपाशीपोटी १३० साखर असलेल्या माणसाचं रक्त साध्या बल्बमध्ये दोन तास तसंच राहिलं, तर लॅबमध्ये ते ११२ ते ११७ च्या आसपास दिसेल. मधुमेहाची रेषा १२६ ची. म्हणजे मधुमेह असलेला माणूस "अजून नाही" असं समजून घरी जाईल. राखाडी बल्बमधलं फ्लोराइड हे साखर खाणं थांबवतं, पण लगेच नाही. ते ज्या एन्झाइमला अडवतं तो साखळीत बराच पुढे असल्यामुळे पहिल्या तास-दोन तासांत साखर थोडी घटतेच. म्हणून राखाडी बल्बसुद्धा शक्य तितक्या लवकर फिरवायला हवा. सायट्रेटचं आम्ल घातलेले बल्ब हे काम अधिक चांगलं करतात.

पोटॅशियमचं उलट आहे. पिवळा बल्ब न फिरवता बर्फात ठेवलास, तर पेशींचा पंप थंडीने मंदावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. म्हणून सेंटरवर सेंट्रिफ्यूज असेल तर रक्त पूर्ण गोठल्यावर तिथेच फिरवून घे. जेल पेशी आणि सीरम यांच्यामध्ये बसते, मग प्रवासात धोका कमी. एकदा जेल बसली की तोच बल्ब पुन्हा फिरवायचा नाही, कारण खाली अडकलेलं पोटॅशियम वर येतं. निळा बल्ब फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. आयएनआर ज्यातून काढतात त्या पीटीसाठी न उघडलेला नमुना खोलीच्या तापमानाला चोवीस तास चालतो, पण एपीटीटी या गोठण्याच्या दुसऱ्या तपासणीला चारच तास मिळतात. हे तास तक्ता करून भिंतीवर लाव आणि डबा न्यायला येणाऱ्या पोऱ्यालाही समजावून सांग. डबा महामार्गावर उन्हात उभ्या मोटारसायकलवर राहिला तर सगळी काळजी वाया.

खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक आहे. त्यामुळे तुझ्याकडे कर्करोगाचे पेशंटही येणारच. ल्युकेमियात पांढऱ्या पेशी लाखांच्या घरात जातात आणि फार नाजूक असतात. जोरात फिरवलं किंवा धक्के बसले तर त्या फुटतात आणि पोटॅशियम खोटं वाढतं. काही वेळा हेपॅरिनच्या बल्बमध्ये हे जास्तच होतं, म्हणजे इतरांना उपयोगी पडणारा हिरवा बल्ब इथे फसवू शकतो. अशा पेशंटचा नमुना हाताने, हळू आणि लवकर न्यायचा आणि फॉर्मवर निदान लिहायचं. एका पेशंटला बरोबर असलेला बल्ब दुसऱ्याला चुकीचा ठरू शकतो, म्हणून समोरच्या माणसाशी चार शब्द बोलल्याशिवाय टूर्निकेट बांधू नकोस. आणि बांधलंस तर मिनिटाच्या आत सोड.

इटलीतल्या पाडोवाच्या मारिओ प्लेबानी आणि पाओलो कारारो यांनी १९९७ मध्ये एका तातडीच्या लॅबमधल्या ४०,४९० तपासण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना १८९ चुका सापडल्या, आणि त्यांतल्या ६८.२ टक्के चुका नमुना मशीनवर चढण्याआधीच झालेल्या होत्या. मशीनच्या टप्प्यावरच्या चुका १३.३ टक्के होत्या. हे आकडे तुझ्या कामाला कमी लेखणाऱ्या सगळ्यांनी वाचावेत असे आहेत. रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते, पण त्या रिपोर्टचा खरेपणा आधी तुझ्या हातून जातो.

आणि चुकीच्या बल्बची किंमत कोण मोजतं, ते कधी विसरू नकोस. आपट्याहून सकाळच्या गाडीने उपाशी आलेल्या आजीला "नमुना खराब झाला, उद्या परत या" असं सांगितलं, की तिचं भाडं जातं आणि बरोबर आलेल्या मुलाची त्या दिवसाची मजुरी बुडते. लहान मूल असेल तर त्याची आई पुढच्या वेळी यायलाच नको म्हणते. तरीसुद्धा नमुना चुकीचा आहे हे कळल्यावर तो पुढे ढकलायचा नाही. खोटा रिपोर्ट देण्यापेक्षा पुन्हा टोचण्याची माफी मागणं बरं, आणि ते नम्रपणे सांगण्याचं धैर्य तुझ्यात हवं. वरिष्ठ म्हणाले, "जाऊ दे, चालतंय," तरी तू रजिस्टरमध्ये खरं काय झालं ते लिहून ठेव. तुझा स्वभाव मी लहानपणापासून पाहिला आहे, तुला ते जमेल.

एक काम मात्र पहिल्या महिन्यातच कर. सेंटरच्या साहेबांकडे परवानगी माग आणि एक दिवस मुख्य लॅबमध्ये जा. सकाळी स्वतः भरलेल्या बल्बांचे बारकोड टिपून घे आणि ते तिथे कधी पोहोचले, कधी फिरवले गेले, मशीनवर कधी चढले, किती परत आले आणि कशासाठी, हे सगळं वहीत लिही. नमुने नाकारणाऱ्या ताई-दादांच्या शेजारी तासभर बस आणि ते कशाला नकार देतात ते पाहा. ती वही घेऊन एखाद्या रविवारी माझ्याकडे ये, आपण दोघी मिळून बघू की तुझ्या सेंटरवरची कोणती वेळ कमी करता येईल आणि कोणती कमी करायची नाही. दर महिन्याला परत येणारा एक नमुना जरी कमी झाला, तरी एका माणसाची एक फेरी वाचली, आणि ते तुझं काम असेल.

बाबांना नमस्कार, आईला विचारलंय म्हणून सांग. डबा वेळेवर खात जा आणि हातमोजे घातल्याशिवाय कुणालाही टोचू नकोस.

तुझी,
आत्या